सुपांची रांग

“काका, तुमचा ओटीपी सांगता का?”

हा प्रश्न मी कोनापुरेकाकांना विचारावा, अशी माझ्या वर्गातल्या लावण्या आणि जुवेरियाने पैज लावली होती. कोनापुरेकाका म्हणजे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आणि बँकेचे निवृत्त मॅनेजर. आपला ओटीपी कुणालाही सांगू नये, हे त्यांनी आयुष्यभर इतक्या लोकांना बजावलं होतं की निवृत्त झाल्यावरही त्यांना राहवलं नाही. आमच्या लिफ्टमध्ये त्यांनी स्वतःच्या अक्षरात तशी पाटी चिकटवली होती. दोन रेघा मारून.

“कोण बोलतंय?” पलीकडून आवाज आला.

“मी ओजस्वी, काका. बी विंग, तिसरा मजला.”

“आणि ओटीपी मागतेस? बाबांना दे फोन.”

“लसीच्या नोंदणीला पाहिजे, काका. आत्ता आला असेल बघा. तीन मिनिटांत मरतो तो. त्यातलं एक गेलं.”

मग कुणी ऐकत तर नाही ना, अशा दबक्या आवाजात काकांनी एकेक करून सहा आकडे सांगितले. मी फोन ठेवला आणि आमच्या तिघींच्या ग्रुपवर लिहिलं, ‘दिला.’ जुवेरियाने हसण्याची चाळीस चित्रं पाठवली. लावण्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, “ओजे, तू आता कुणालापण काहीपण विचारू शकतीस बे.”

तो मे महिना होता, दुसऱ्या लाटेचा. मी आठवी संपवून नववीत चालले होते. त्याआधीची मी म्हणजे लिफ्टमध्ये कुणी दिसलं तर जिन्याने जाणारी मुलगी. त्या एका फोनने काय झालं कुणास ठाऊक, मला आवाज फुटला. चार वाजता स्लॉट उघडायचे आणि चार वाजून एक मिनिटाने संपायचे. मोठ्या माणसांची बोटं तोवर चष्मा शोधत असायची. माझी बोटं नव्हती तशी. पिनकोड, केंद्र, तारीख, नाव, खटाखट. कोनापुरेकाकांचं झालं, मग काकूंचं, मग ए विंगच्या दोन्ही आज्यांचं. चार दिवसांत मी सोसायटीतल्या चाळीस लोकांची नावं लावली. दारावर आंब्याची पेटी आली. सेक्रेटरीणबाई आईला म्हणाल्या, “तुमची पोरगी म्हणजे कलेक्टर होणार बघा.” आणि आईने ते खरंच मानलं, कारण त्या संध्याकाळी मला भांडी घासायला लागली नाहीत.

आईबाबांची नावं मी माझ्याच फोनवर लावली होती. म्हणजे बाबांचाच जुना फोन, माझ्या ऑनलाइन शाळेसाठी दिलेला.

सगळी चाळीस नावं मी एकाच केंद्रावर लावली होती. शाळा नंबर सव्वीस, शंभर खोल्या.

शंभर खोल्या म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांची वसाहत, आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. लावण्या तिथे राहायची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि तंबाखूचा मिळून एक वास यायचा. सगळ्या वर्गाला तो नको असायचा आणि मला त्याशिवाय गणित सुचायचं नाही. शाळा मोबाइलमध्ये गेल्यापासून चौदा महिने मी तिला बघितलं नव्हतं. म्हणजे चौकोनात बघत होते. यंत्रमागावर कामाला असलेल्या तिच्या भावाचा, म्हणजे अण्णाचा, फोन तिला दिवसाआड एक तास मिळायचा. त्या तासातही तिचे खांदे सारखे हलत असायचे. खाली मांडीवर सूप असायचं आणि ती अम्माच्या विड्यांना दोरा बांधत असायची. बाई विचारायच्या, “लावण्या, लक्ष कुठाय?” ती म्हणायची, “इथंच आहे मॅडम, हात तेवढे तिकडं आहेत.”

मला तिच्या चौकोनाबाहेरचं सगळं बघायचं होतं. ती केव्हाही हसली की माझ्या दंडाला चिमटा काढायची. चौदा महिने माझ्या दंडाला काही झालं नव्हतं.

स्लॉटची वेळही तिनेच सांगितली होती. “आमच्या गल्लीतल्या शाळेत रोज शंभर येतेत म्हणे. चारला उघडतंय.” मी लगेच वहीत लिहून घेतलं होतं. त्यानंतर मी तिला रोज हिशेब द्यायचे. आज नऊ झाले, लावण्या. आज बारा झाले. ती म्हणायची, “भारीच की.”

शुक्रवारी पहिली तुकडी निघाली. साठीच्या वरची सव्वीस माणसं, सात गाड्या. पुढच्या गाडीत बाबा चालवत होते आणि शेजारी मी, मांडीवर वही, वहीत सगळ्यांचे चार आकडी कोड, जे केंद्रावर सांगितल्याशिवाय टोचत नसत. आईबाबांचा नंबर दुसऱ्या दिवशी होता, शनिवारच्या चौदा जणांत. लावण्याला मी काहीच कळवलं नव्हतं. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं.

साडेनवाला पोचलो. सव्वीस नंबरची शाळा म्हणजे पत्र्याची चार वर्गांची इमारत आणि पुढे लोखंडी गेट. गल्लीत शुकशुकाट होता. गेटपासून भिंतीच्या कडेने मात्र सुपं ठेवलेली होती. वीस-बावीस तरी असतील, एकापाठी एक, अगदी वळणापर्यंत. कुणाची बांबूची, कुणाची पत्र्याची. एकात दगड, एकात दोऱ्याचं रिकामं रीळ, एकात नुसतीच एक तुटकी चप्पल.

“हा काय पसारा,” कोनापुरेकाका गाडीतून उतरत म्हणाले. “उभं कुठे राहायचं माणसाने? अंतर ठेवा म्हणतात, ठेवायचं कुठे?”

“दोन मिनिटं, काका,” मी म्हणाले.

दोन मिनिटंच लागली. मी एकेक सूप उचललं, त्यातले दगड, रिळं आणि ती चप्पल एका कोपऱ्यात जमवली, आणि सुपं एकात एक घालून भिंतीशी उभी रचली. दुकानात ताटं रचतात तशी. एका सुपाची फाटकी कड लाल रिबनीने शिवलेली होती, आमच्या शाळेच्या रिबनीसारख्या. मला लावण्याची आठवण आली, म्हणून ते मी सगळ्यात वर ठेवलं. मग खिशातला खडू काढून जमिनीवर गोल काढले. सव्वीस गोल, सव्वीस माणसं. ए विंगच्या धाकट्या आजींसाठी खुर्ची आणली.

“शाब्बास,” काका म्हणाले. “व्यवस्था म्हणतात ती ही.”

बाबांनी लांबूनच माझा फोटो काढला. तो फोटो अजून आहे. वही छातीशी धरलेली मी, आणि मागे सुपांची थप्पी.

साडेबारापर्यंत आमची सगळी माणसं टोचून, अर्धा तास बसून, बिस्किटं खाऊन मोकळी झाली. मी लावण्याच्या घराकडे निघणार, तोच गल्लीच्या टोकाकडून बायकांचा घोळका आला. डोक्यावर रिकाम्या टोपल्या, कुणाच्या बगलेत पानांचं पुडकं. त्यांच्या पुढे एक मुलगी झपझप चालत येत होती. नाकावर साडीच्या तुकड्याचा मास्क. ती लावण्या आहे हे मला तिच्या चालण्यावरून कळलं. ती उंच झाली होती. चौकोनात उंची दिसत नाही.

आज ती तेलंगणात, सिरसिल्ल्याला मामाकडे असते आणि बारावी तिकडेच करते. फोनवर रोज असते. पण फोनवर असणं म्हणजे किती, हे मला तेव्हापासून माहीत आहे. आजही ती आठवली की मला चौकोन आठवत नाही. ती गल्ली आठवते, आणि झपझप येता येता एकदम थांबलेली ती.

ती मला बघून थांबली नव्हती. भिंतीकडे बघून थांबली होती.

“सुपं कुणी उचलली?” तिने गेटवरच्या वॉचमनला विचारलं.

वॉचमनने माझ्याकडे बोट केलं. तेव्हा तिने मला बघितलं.

“ओजे? तू काय करलालीस इथं?”

“सोसायटीच्या लोकांना घेऊन आले. तुला सरप्राइज द्यायचं होतं.”

ती गाड्यांकडे बघायला लागली. तिचे ओठ मास्कमध्ये मोजत असावेत. “ही सगळी तुझी माणसं?”

“सव्वीस. उद्या चौदा,” मी म्हणाले. मला अजूनही ती खूश होईल असं वाटत होतं.

“आणि सुपं?”

“मी नीट लावून ठेवली की. नुसती पडली होती, उभं राहायला जागा नव्हती.”

“रांग होती बे ती.”

मागच्या बायकांनी थप्पी बघितली आणि एकदम तेलुगूत गलका सुरू झाला. एकीने आपलं सूप ओढलं, दुसरीने तिचा हात धरला. लावण्या त्यांच्या आणि माझ्या मधे उभी राहून मला सांगत होती, माझ्याकडे न बघता.

“नाव लावून आलेल्यांतनं कुणी चुकलं की लस उरतीय. बाटली फोडली की चार तासात संपवावी लागतीय, म्हणून दुपारी एकला सिस्टर उरलेली लस गेटवरच्यांना देतेत. पण सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जावं लागतंय. गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी वळायचं विडीचं पान मिळत नाही. मग रांगेत कोण थांबणार? म्हणून पाचला सूप ठेवायचं नि जायचं. सूप आहे म्हणजे बाई आहे. दोन आठवडे झाले, कुणी कुणाचं हलवलं नाही. अम्माचं आज तिसरं होतं.”

“कुठलं?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

“लाल रिबनीचं.”

सिस्टर बाहेर आल्या. घामाने थबथबलेल्या, हातात यादी. “आज चारच उरल्यात. पहिली चार सुपं कुणाची?”

एकदम दहा जणी बोलायला लागल्या. प्रत्येकीचं पहिलं होतं. खोटं कुणी बोलत नव्हतं बहुतेक. पाचच्या अंधारात ठेवलेलं सूप, कुणाच्या पुढे कुणाचं, ते त्या थप्पीत मी संपवून टाकलं होतं. सिस्टरनी घड्याळ बघितलं.

“बायांनो, वीस मिनिटं आहेत बाटलीची. भांडत बसलात तर ओतून द्यावी लागेल. तू, तू, तू आणि तुम्ही. चला आत.”

चौघी सगळ्यात पुढे उभ्या होत्या, त्या गेल्या. लावण्याची अम्मा तिथे नव्हतीच. कारखान्यात तिच्या विड्यांची तपासणी लांबली होती आणि सूप ठेवलंय म्हणून ती निवांत होती. ती पंधरा मिनिटांनी आली, पदराने मान पुसत. लावण्याने तिला दोन वाक्यांत सांगितलं. अम्माने थप्पीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ओजू? केवढी झालीस गं. जेवलीस का काही?”

मी मान हलवली. अम्माने लाल रिबनीचं सूप उचललं, झटकलं, आणि घराकडे गेली. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं रागावलेलं नाही.

“मला सांगायचंस ना,” मी लावण्याला म्हणाले. “मी अम्माचं नाव सगळ्यात आधी लावलं असतं.”

“ओटीपी कुणाच्या फोनवर येणार? चारला अण्णा कारखान्यात मागावर असतोय. फोन त्याच्या खिशात.”

“मी अण्णाला फोन केला असता. माझ्या नंबरवर लावलं असतं. काहीतरी केलं असतं.”

“हो की. केलं असतंस.” ती मास्क सारखा करत राहिली. “तू रोज सांगायचीस, आज नऊ, आज बारा. मी म्हटलं, आता विचारेल. आज नाही तर उद्या विचारेल. लावण्या, तुझ्या अम्माचं झालं का? एवढंच. कोनापुरेकाकाला ओटीपी विचारलास की तू.”

चाळीस लोकांची वयं, आजार, आधार नंबर मी विचारले होते. ए विंगच्या आजींना डावा हात चालेल की उजवा, हेसुद्धा.

“मग सोमवारी?” मी म्हणाले. “सोमवारी पुन्हा ठेवा ना सूप.”

“सोमवारपासून मोबाइलवर लस घेतल्याचा मेसेज दाखवल्याशिवाय कारखान्यात पान देणार नाहीत. फळ्यावर लिहिलंय. पान नाही तर घरात बसून काय वळणार? रविवारी लस बंद. उद्याचा एकच दिवस आहे.” तिने गाड्यांकडे बघितलं. “आणि उद्या तुझे चौदा आहेत.”

ती माझ्यापासून दोन खडूच्या गोलांवर उभी होती. चौदा महिन्यांत इतक्या जवळ नव्हती आली. मी हात पुढे केला असता तर पोचला असता. मी केला नाही. तिनेही केला नाही. ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर वेणी होती, कमरेपर्यंत. तीही मला माहीत नव्हती.

बाबा गाडीतून हॉर्न देत होते. मी आत सिस्टरकडे गेले. त्या डबा उघडून उभ्यानेच भाकरी खात होत्या.

“सिस्टर, उद्या नावं असून कुणी आलंच नाही तर?”

“तर एकला गेटवरच्यांना. सुपांप्रमाणे.” त्यांनी चटणीचं बोट चाटलं. “पण येत नाही कोण? गाडीवाले तर अर्धा तास आधीच हजर असतात. आठवड्याभरात या गल्लीतल्या किती जणींना टोचलं असेल, सांग. वीससुद्धा नाही. लस यांच्या दारात येते आणि यांच्या दारातूनच गाडीत बसून जाते.”

परतताना कोनापुरेकाका बाबांच्या शेजारी बसले होते. दंड चोळत, आनंदात. “उद्या काही काळजी नाही. ओजस्वी आहे म्हटल्यावर.” मी मागे बसून वहीचं पान उलटलं. शनिवार, चौदा नावं. तेरावं बाबांचं, चौदावं आईचं.

घरी आईने दुसऱ्या दिवशीची तयारी करून ठेवली होती. सैल बाह्यांचा ब्लाउज काढला होता, बाबांचा अर्ध्या हाताचा शर्ट इस्त्री केला होता. एप्रिलमध्ये बाबांच्या ऑफिसातले मोकाशीकाका कोरोनाने गेले, तेव्हापासून आई बाबांना रोज दारातच थांबवून त्यांचा चेहरा नीट बघायची आणि मग आत घ्यायची. स्लॉट मिळाला त्या दिवशी तिने मला जवळ घेतलं होतं आणि बराच वेळ सोडलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. ते माहीत असताना मी काय करायचं, एवढंच माहीत नव्हतं.

“भेटली का तुझी मैत्रीण?” बाबांनी हात धुताना विचारलं.

“भेटली.”

“मग तोंड का असं? आणि एक सांग, इतकी केंद्रं आहेत शहरात. दोन तर चालत जाण्यासारखी. तू सगळ्यांना तिकडे टोकाला का नेलंस?”

“लावण्या राहते तिथे,” मी म्हणाले. “मला तिला बघायचं होतं.”

बाबा टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी त्यांना सगळं सांगितलं. सुपं, दगड, रिळं, चप्पल, रिबन. खडूचे गोल. अम्माने जेवलीस का विचारलं ते. सोमवारचं पान. मधे एकदा बाबांनी खिशातून फोन काढून सकाळचा तो फोटो बघितला, आणि परत ठेवला.

“वाईट झालं,” आई हळूच म्हणाली. “पण तुला काय माहीत होतं? उद्या तिच्या अम्माचं नाव तू लाव कुठेतरी. आपलं काय त्याला? आपलं रीतसर नाव लागलंय.”

“रीतसर माझं लागलं, आई. माझी बोटं जोरात चालतात म्हणून. तिला दोन आठवडे पाचला उठून जे मिळत नव्हतं, ते मी एकेका मिनिटात चाळीस वेळा घेतलं. आणि आज जे तिला मिळणार होतं, तेही आवरून ठेवलं.”

“मोकाशींना जाऊन महिना झाला, ओजू,” आई म्हणाली.

“माहितीये.” मी थांबले नाही. लिफ्ट टाळणारी ती मुलगी मला त्या क्षणी कुठेच सापडली नाही. “म्हणूनच तुम्हाला आधी सांगते. उद्या आपण जायचं नाही. तुमचे दोघांचे कोड माझ्याकडे आहेत, ते मी देणार नाही. मी रोज चार वाजता बसेन, तुम्हाला दुसरीकडे मिळेपर्यंत बसेन, चालत जायच्या केंद्रावर. पण उद्या एक वाजता त्या गेटातून चौदा सुपं आत गेली पाहिजेत. तुम्ही दोघं झालात. राहिले बारा. त्यांना मी आत्ता फोन करते, सगळ्यात आधी कोनापुरेकाकांना, त्यांचा धाकटा भाऊ आहे यादीत. ते ओरडतील, ओरडू देत. आणि बाबा, सकाळी पाचला मला तिथे सोडा. सुपं पुन्हा होती तशी लावायची आहेत. कुणाचं कुठे होतं, ते मला माहीत नाही. मी विचारणार आहे.”